शुगर बोर्ड

रोजच्या खाण्यापिण्यात साखर किती जाते हे मुलांना दाखवण्यासाठी शाळेत लावलेला फलक. मुलांमधला वाढता लठ्ठपणा आणि टाइप २ मधुमेह लक्षात घेऊन केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना असे फलक लावायला सांगितले. ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वयोगटात १५ टक्के साखरेतून येतात, असे मंडळाचे परिपत्रक सांगते. शिफारस ५ टक्क्यांची आहे.

फलकाची खरी ताकद चमच्यांच्या हिशेबात आहे. ३०० मिलिलिटर कोलाच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे सात-आठ चहाचे चमचे. रिकाम्या बाटलीशेजारी तेवढीच साखर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून टांगली, की पाचवीतल्या पोरालाही टक्केवारी समजावून सांगावी लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मधील सुमारे २१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २४ टक्क्यांवर, तर पुरुषांचे १९ वरून २३ टक्क्यांवर गेले. त्याच वेळी महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. गुटगुटीत मूल म्हणजे खात्यापित्या घरचे, हा समज अशा ठिकाणी सहजी जात नाही. त्यात वजनकाटाही फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २२.३ असा सारखाच भरला; शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आलेले हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे, कारण किडकिडीत मुलांनाही हा धडा लागू पडतो.

नुसत्या शिकवण्याने वजन घटते, असा पुरावा मात्र तोकडा आहे. अमेरिकेत ९६ प्राथमिक शाळांत झालेल्या ‘कॅच’ प्रयोगात मुलांचा आहार आणि व्यायाम सुधारला, शरीराचे आकारमान तेवढेच राहिले. सिंगापूरने १९९२ पासून जाड मुलांना वेगळे काढून व्यायाम करायला लावला. चिडवाचिडवीच्या तक्रारी वाढल्या आणि २००७ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला गेला. फलक निदान कुणाकडे बोट दाखवत नाही. पण फाटकाबाहेर काय विकले जाते हे त्याच्या हातात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिचरबी, अतिसाखर, अतिमिठाचे पदार्थ विकता येत नाहीत. पाळले जातात की नाही, हे मधल्या सुट्टीत कोणत्याही शाळेबाहेर उभे राहून पाहावे.

शिवाय साखरेच्या फलकावर वडापाव निर्दोष सुटतो. म्हणून जुलै २०२५ मध्ये तेलाचे फलकही आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांनाही तसेच सुचवले, तेव्हा समोसा-जिलबीवर आता सिगारेटसारखा इशारा छापणार अशा बातम्या झळकल्या आणि सरकारला खुलासा करावा लागला.