मुख्य प्रशिक्षकपद, अमेरिकन महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमधील

अमेरिकेतील विद्यापीठाच्या महिला सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखा चेंडू-दांड्याचा खेळ) संघाची संपूर्ण जबाबदारी सांभाळणारे पूर्णवेळ, पगारी पद. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा जवळ आली की संघ निवडला जातो आणि शारीरिक शिक्षण संचालक त्याला घेऊन जातात. अमेरिकेत मात्र हे काम बाराही महिने चालते आणि त्यावरच माणसाची अख्खी कारकीर्द उभी राहते. खेळाडू हेरणे, शिष्यवृत्तीची वाटणी, सराव, सहायकांची नेमणूक, सामन्यातले डावपेच, देणगीदारांशी बोलणी ही सगळी कामे याच व्यक्तीकडे असतात.

हे पद मुळात कायद्यातून घडले. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा 1972 मध्ये झाला. तोवर मुलींच्या संघाला शिकवणे हे शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिकेचे जादा काम असे आणि त्याचा मोबदला नाममात्र असे. स्पर्धा भरवण्याचे काम महिलांच्या स्वतंत्र संघटनेकडे होते. 1982 पासून एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या मोठ्या संघटनेने महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपदे आपल्याकडे घेतली आणि पहिले सॉफ्टबॉल विजेतेपद शॅरन बॅकस यांच्या यूसीएलए संघाने मिळवले. पद पगारी झाले तसे पुरुषही त्यासाठी अर्ज करू लागले. सर्व खेळ मिळून पाहिले, तर 1972 मध्ये महाविद्यालयीन महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना महिला प्रशिक्षक होत्या; 2014 पर्यंत हे प्रमाण 43 टक्क्यांवर आले. मुलींना मैदान मिळवून देणाऱ्या कायद्यानंतर त्यांच्या प्रशिक्षिकांच्या वाट्याच्या जागा अशा आटल्या, हा या इतिहासातला कडवट भाग आहे.

हा सगळा प्रवास एकाच कारकिर्दीत पाहायचा असेल तर मिशिगन विद्यापीठाच्या कॅरल हचिन्स यांच्याकडे पाहावे. त्यांचा जन्म 1957 मध्ये मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे झाला. मिशिगन स्टेट विद्यापीठात त्या बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल असे दोन्ही खेळ खेळत. 1976 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या सॉफ्टबॉल संघात त्या शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षक) होत्या. प्रवास आणि जेवणाचा भत्ता यांत मुले आणि मुली यांच्यात भेद केला जातो, म्हणून 1979 मध्ये बास्केटबॉल संघातील मुली विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात गेल्या. त्या खटल्यात पहिले नाव हचिन्स यांचे होते. पुढे त्यांनी इंडियाना विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली, फेरिस स्टेटमध्ये एक हंगाम काम केले आणि 1983 मध्ये त्या मिशिगनमध्ये बॉब डी कॅरोलिस यांच्या सहायक झाल्या. 1985 पासून त्या मुख्य प्रशिक्षक होत्या. सुरुवातीच्या काळात मैदान आखण्या-सवरण्याचे कामही त्यांनाच करावे लागे. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा मिशिगनमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचे 38 हंगाम झाले होते आणि एकूण कारकिर्दीच्या खात्यावर 1,707 विजय होते.

या आकड्यापेक्षाही त्यांचे 2005 चे विजेतेपद महत्त्वाचे मानावे लागते. सॉफ्टबॉल उन्हात वाढलेला खेळ आहे. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात वर्षभर मैदानावर सराव करता येतो. मिशिगनमध्ये फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो तेव्हा बाहेर बर्फ असतो. संघ बंदिस्त सभागृहात सराव करतो आणि पहिले कित्येक आठवडे दक्षिणेत किंवा पश्चिमेत परक्या मैदानांवरच खेळतो. 2004 पर्यंत एनसीएएचे हे विजेतेपद मिसिसिपी नदीच्या पूर्वेला एकदाही गेले नव्हते. 2005 च्या अंतिम मालिकेतील तिसऱ्या, निर्णायक सामन्यात दहाव्या डावात समांथा फिंडली हिने तीन धावांचा होमरन (चेंडू मैदानाबाहेर धाडणारा फटका) मारला आणि मिशिगनने यूसीएलएला 4-1 असे हरवले.

विजय मैदानावर मोजले जात असले तरी प्रशिक्षकाचा बराचसा वेळ मैदानाबाहेर जातो. उन्हाळ्यात क्लबांच्या स्पर्धा भरतात. तिथे एकेका जाळीमागे खुर्च्या टाकून डझनभर विद्यापीठांचे प्रशिक्षक बसलेले असतात. एके काळी आठवी-नववीतल्या मुलींकडूनही तोंडी होकार घेतला जाई. 2018 च्या नियमाने अकरावीच्या वर्षातील 1 सप्टेंबरपूर्वी अशी बोलणी करण्यास बंदी घातली. एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतील संघाला अनेक वर्षे 12 पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या वीसेक मुलींमध्ये तुकडे करून वाटाव्या लागत, त्यामुळे कोणत्या मुलीला किती द्यायचे हा हिशेबही प्रशिक्षणाचाच भाग होता. 2025-26 पासून ही मर्यादा जाऊन संघात जास्तीत जास्त 25 खेळाडू असावेत, असा नियम आला.

नियमित हंगामात जास्तीत जास्त 56 सामने खेळता येतात. फलंदाजी चालू असताना मुख्य प्रशिक्षक बहुधा तिसऱ्या बेसजवळ उभे राहून खुणा करतात. क्षेत्ररक्षणाच्या वेळी कोणता चेंडू टाकायचा हेही बऱ्याचदा बाकावरूनच ठरते. तिथून आकडा पुकारला जातो आणि कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारी खेळाडू) मनगटावरच्या तक्त्यात तो पाहून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणारीला, खूण करते. पिचर 43 फुटांवरून चेंडू टाकत असल्याने फलंदाजाला विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

या पदावर येणारी वाट बहुधा खेळाडू, सहायक, मुख्य प्रशिक्षक अशी असते आणि ती पुष्कळदा एकाच विद्यापीठात संपते. यूसीएलएच्या स्यू एनक्विस्ट यांनी खेळाडू म्हणून आणि नंतर मुख्य प्रशिक्षक म्हणूनही राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांची जागा त्यांचीच माजी खेळाडू केली इनोये-पेरेझ यांनी घेतली. हचिन्स यांच्यानंतर त्यांच्या माजी खेळाडू आणि दीर्घकाळच्या सहायक बॉनी थॉल आल्या. पुरुष प्रशिक्षक अनेकदा बेसबॉलमधून येतात. त्यांतले सर्वांत मोठे नाव माइक कँड्रिया यांचे. सेंट्रल ॲरिझोना कॉलेजात बेसबॉलपासून सुरुवात करून ते सॉफ्टबॉलकडे वळले आणि 1986 ते 2021 या काळात ॲरिझोना विद्यापीठाला त्यांनी आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर त्यांच्या पत्नीचे अकस्मात निधन झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच ते प्रशिक्षक असलेल्या अमेरिकन राष्ट्रीय संघाने सुवर्णपदक जिंकले. संपूर्ण स्पर्धेत संघाने 51 धावा केल्या आणि एकच दिली. 2008 च्या ऑलिंपिकमध्ये मात्र अंतिम सामन्यात जपानने त्यांना 3-1 असे हरवले.

कँड्रिया यांच्या आठ विजेतेपदांशी पॅटी गॅसो यांनी बरोबरी केली. 1995 मध्ये त्या ओक्लाहोमा विद्यापीठात आल्या तेव्हा संघ नॉर्मन शहरातल्या सार्वजनिक बागेतील मैदानावर खेळत असे. 2000 मध्ये पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले, आणि 2021 ते 2024 अशी सलग चार मिळवण्याचा पराक्रम त्यांच्याआधी कोणी केला नव्हता. 2023 चा हंगाम 61 विजय आणि अवघी एक हार असा होता. 2024 मध्ये या संघाला नवे स्टेडियमही मिळाले.

अलीकडे या पदाचे स्वरूप पुन्हा बदलले आहे. 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात आणि एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठही बदलता येते. 2024 मध्ये पिचर नायजॅरी कॅनडी दहा लाख डॉलरांहून मोठ्या कराराने स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकमध्ये गेली आणि पुढच्याच वर्षी तो संघ राष्ट्रीय अंतिम मालिकेत पोहोचला. तिथे त्याला न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या माइक व्हाइट यांच्या टेक्सस विद्यापीठाने हरवले. त्यामुळे चार वर्षे एका मुलीला घडवायचे ही जुनी रीत आता सगळ्यांनाच परवडत नाही. हंगाम संपला की आपल्याच संघातली कोण राहणार आणि कोण जाणार, हे प्रशिक्षकाला आधी विचारून घ्यावे लागते.