किल्लारीनंतरची घरं कुणी ठरवली?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक नुकते कुठे झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांना भूकंपाचा हादरा बसला. हाच किल्लारीचा भूकंप. तीव्रता ६.२. सरकारी नोंदीप्रमाणे जवळपास आठ हजार माणसं गेली.

या तीव्रतेला एवढे बळी का, याचं उत्तर भिंतीत होतं. भिंत दोन-अडीच फूट जाडीची, पण एकसंध नव्हेच. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छप्पर. ते गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकायची, ती वर्षानुवर्षं साचून थर दीड-दोन फुटांवर गेलेला. हादऱ्यासरशी पदर सुटले आणि दगड-माती झोपलेल्यांवर आली. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र कित्येक घरांत उभाच होता.

पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम १९९४ साली जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झाला. सर्वाधिक पडझड झालेली ५२ गावं नव्या जागी हलवायची ठरली. घराचं माप जमिनीवरून: भूमिहीन आणि अत्यल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्याच्या वरच्याला ४००, सात हेक्टरांहून जास्त असेल तर ७५०. माणसं किती, हा प्रश्नच नाही! यातली बरीच गावं सेवाभावी संस्था, उद्योगसमूह आणि मदतनिधींनी ‘दत्तक’ घेतली. हा शब्दच पुढच्या गोंधळाचं मूळ म्हणावा लागेल. आराखडा देणगीदाराचा, ठेकेदार त्याचाच, आणि घरधन्याच्या हाती थेट किल्ली.

काम झपाट्याने झालं, हे नाकारता येत नाही. पण काटकोनी गल्ल्या, रुंद रस्ते आणि पसरलेली वसाहत यामुळे शेत लांब पडलं. बैल कुठे बांधायचे, कडब्याची गंज कुठे रचायची, याला नकाशात जागा नव्हती. गुबाळ गावात तर घुमटाकार घरं उभी राहिली. भूकंपाला घुमट उत्तम. पण गोल भिंतीला कपाट टेकत नाही, आणि मुलाचं लग्न झालं की वाढीव खोली जोडायची कुठे?

याच्या उलट, थोडं नुकसान झालेल्या गावांत दुरुस्ती-मजबुतीकरणाचं काम घरमालकाकडेच दिलं होतं. पैसे खात्यावर, हप्त्याने. तिथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहाय्यक’ नेमल्या. कोणता हप्ता कशासाठी, अभियंता कधी येणार, गवंड्याला काय विचारायचं, हे या बायका घरोघर सांगत. मजबुतीकरणाची कृती अवघड नव्हती. माळवदावरची माती कमी करायची. भिंतीतला एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचं, त्यात आकडे वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. इथे हमखास चूक व्हायची ती अशी की भोक अर्ध्यातच थांबायचं. वरून गिलावा झाला की ओळखू येत नाही, आणि दोन पदर सुटे ते सुटेच.

तरीही बहुतेकांनी त्याच पैशात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. दगडाच्या भिंतीखाली पुन्हा झोपायचं धाडस होत नव्हतं. अभियंत्यांचं गणित बरोबर होतं, पण भीती त्यांनी हिशेबात धरली नव्हती. जुनं घर मग धान्याला आणि जनावरांना उरलं.

२६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतर तिथल्या संस्थांनी किल्लारीचे दाखले पुढे केले. बहुतेक गावांनी स्थलांतर नाकारलं. मदत घरमालकाच्या खात्यात टप्प्याटप्प्याने जाऊ लागली. पुढचा हप्ता अभियंत्याने काम तपासल्यावरच. मराठवाड्यातल्या काही बायका तेव्हा कच्छला गेल्या. हप्ता अडकला तर कुणाला गाठायचं, हे त्या तिथल्या बायकांना सांगत होत्या.