एमजीबीतल्या दोन बॅटऱ्या: जोडी ठेवायची की एकच बसवायची?

१९६२ साली आलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला सुरुवातीची बरीच वर्षे दोन बॅटऱ्या असत. सीटच्या मागे, फ्लोअरखाली, प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही अंगांना एकेक. प्रत्येक ६ व्होल्टची, सिरीजमध्ये जोडून १२ व्होल्ट. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यावर कंपनीनेच एक १२ व्होल्टची बॅटरी द्यायला सुरुवात केली. त्यामुळे जुन्या गाडीत एकच बॅटरी बसवणे म्हणजे काही भलतेसलते करणे नव्हे.

सिरीजच्या जोडीत व्होल्ट वाढतात, अँपिअर-तास (बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) वाढत नाहीत. एक बॅटरी निकामी झाली की दुसरी कितीही ठणठणीत असो, गाडी उठत नाही. म्हणून जोडीच ठेवायची असेल तर दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या बदला. प्रदर्शनात मूळ रूपात गाडी मांडणाऱ्यांनी जोडीच ठेवावी. रोज-आठवड्याला चालवणाऱ्यांना आम्ही एकच १२ व्होल्ट सुचवतो: सहज मिळते, दोन जोड कमी होतात.

बॅटरी घेण्याआधी बॅटरीच्या जागेची खोली मोजा, तीही झाकण लावून. वरचे झाकण पत्र्याचे असते. बॅटरी अर्धा इंच जरी उंच झाली तरी टर्मिनल पत्र्याला टेकून शॉर्ट होतो. खालचा ट्रेही टॉर्च घेऊन बघा. रस्त्यावरचा चिखल खालून आणि अॅसिड वरून, अशा दुहेरी माऱ्यात तो गंजून चाळणी झालेला असतो. नव्या बॅटरीआधी ट्रे, हा आमचा आग्रह आहे. दोन बॅटऱ्यांना जोडणारी केबल काढल्यावर उरलेली एखादी केबल आखूड पडू शकते. ताणून बसवू नका, नवी घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबींना पॉझिटिव्ह अर्थ होता, म्हणजे बॉडीला प्लस जोडलेला. नंतर डायनामोच्या जागी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे नव्या पद्धतीचे जनित्र) आला आणि मायनस बॉडीला गेला. पण मधल्या मालकांनी काय काय केले असेल सांगता येत नाही, तेव्हा सालावर विसंबू नका. कोणती केबल बॉडीला जाते ते डोळ्यांनी पाहा आणि तीच आधी सोडा, शेवटी जोडा. पान्हा चुकून पत्र्याला लागला तरी मग ठिणगी उडत नाही. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायची वेळ आली, तर दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना लागू देऊ नका.

निव्वळ बॅटरीसाठी अर्थ उलटा करायची गरज नाही. नव्या पद्धतीचा रेडिओ किंवा अल्टरनेटर बसवायचा असेल तरच तो विचार करा. त्यात डायनामोला नव्याने पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) द्यावी लागते, इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात आणि जुना टॅकोमीटरही (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) दुरुस्त करून घ्यावा लागतो. अल्टरनेटर उलटा जोडला गेला तर त्याचे डायोड क्षणात जळतात. हे काम घरी करू नका, असे स्पष्टच सांगतो.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मेंटेनर चार्जर (बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा) लावा. इंजिन बंद करून काही तास गेल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १२.६ दिसले पाहिजेत, १२.२ च्या आसपास असेल तर चार्जिंगला लावा. झाकण उघडे आणि जागा हवेशीर असू द्या, चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो.

काम ठरवण्याआधी झाकण काढून बॅटरीच्या जागेचा फोटो पाठवा, केबली नीट दिसतील असा. उतरवलेल्या बॅटऱ्या आमच्याकडेच ठेवा. शिशाच्या पुनर्वापरासाठी आम्ही त्या पुढे देतो.