बुजऱ्या घोड्याचे प्रशिक्षण : घोडामालकांसाठी माहितीपत्रक

आपला घोडा आमच्याकडे सोपवण्यापूर्वी आम्ही त्याच्यासोबत नेमके काय करतो, कोणत्या गोष्टी मुद्दाम टाळतो आणि या कामात मालकाचा वाटा किती असतो, हे आपल्याला ठाऊक असावे यासाठी हे पत्रक दिले आहे. बहुतेक मालकांचा पहिला प्रश्न 'किती दिवस लागतील?' हा असतो. घोड्यासोबत पहिले दोन आठवडे काढल्याशिवाय आम्ही त्याचे उत्तर देत नाही, कारण त्याआधी दिलेले उत्तर हा निव्वळ अंदाज असतो आणि त्या अंदाजाच्या घाईचा भार शेवटी घोड्यावरच पडतो.

घोडा का बुजतो

घोडा हा शिकार करणारा नव्हे, तर शिकार होणारा प्राणी आहे, त्यामुळे काही अनोळखी हालले की आधी पळायचे आणि सुरक्षित अंतरावर गेल्यावर मग वळून पाहायचे, हा त्याचा जन्मजात स्वभाव असतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवता सुमारे 350 अंशांचा परिसर त्याच्या नजरेत येतो. मात्र कपाळाच्या अगदी पुढचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा त्याला दिसत नाही. समोरून सरळ कपाळाकडे हात नेला की घोडा मान झटकून मागे सरकतो आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. प्रत्यक्षात तो हात त्याच्या नजरेतून मध्येच नाहीसा झालेला असतो. म्हणून आम्ही नेहमी खांद्याच्या बाजूने, तिरके आणि सावकाश जवळ जातो.

मात्र सगळेच बुजणे भीतीपोटी नसते. पाठीवर रुतणारे खोगीर, टोकदार झालेली दाढ, दुखरा खूर, अधू झालेला डोळा किंवा पोटातील व्रण यांमुळेही घोडा बिचकतो, आणि अशा घोड्याला शिकवत बसणे म्हणजे त्याच्यावर अन्यायच होय. पशुवैद्यकाकडून तपासणी झाल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही, ते यामुळेच. आमच्याकडे आलेली एक घोडी म्होरकी चढवताना दरवेळी मान उंच करून मागचे पाय झाडत असे आणि तिला खोडकर ठरवून बरीच शिक्षाही झालेली होती. तपासणीत तिच्या डाव्या कानाच्या आत एक जुनी, चिघळलेली जखम सापडली. उपचार झाले, जखम भरली, तरी पुढे कित्येक दिवस हात कानाजवळ गेला की तिची मान ताठ होत असे. दुखणे गेल्यावरही दुखण्याची आठवण मागे राहते आणि आमचे खरे काम त्या आठवणीशी असते.

विश्वास कसा बसतो

आमच्या पद्धतीचे मर्म एवढेच आहे की घोड्याने योग्य दिशेने थोडासा जरी प्रयत्न केला, तरी त्याच क्षणी आपण मागणी थांबवायची. दोरीवर हलका ताण दिला आणि घोड्याने एक पाऊल पुढे टाकले, तर ते पाऊल जमिनीला टेकण्याच्या आतच दोरी सैल झाली पाहिजे. घोडा ताणातून शिकत नाही, ताण सुटण्यातून शिकतो. दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला तरी आपण कशासाठी सैल सोडले हे त्याला उमगत नाही.

त्या घोडीच्या बाबतीत आम्ही हात कानापर्यंत नेण्याची घाई केली नाही. मानेच्या बुंध्याशी, आयाळ संपते तिथे, घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात; त्या जागी खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजून दाखवले गेले आहे. तिथून सुरुवात करून हात मानेवरून वर सरकवायचा आणि ती ताठ होण्याच्या जरा आधीच मागे घ्यायचा, असे रोज दहा मिनिटे चालले. ही 'जरा आधी'ची वेळ ओळखणे सर्वांत अवघड असते, कारण ती ओळखण्यासाठी नाकपुडीची कड, डोळ्यावरची सुरकुती आणि रोखलेला श्वास एवढ्याच खुणा हाती असतात. एके सकाळी हात कानाच्या मुळाशी असताना तिने मान खाली सोडली, लांब फुरफुर केली आणि मागचा एक पाय सैल टेकवला. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो.

घोड्याला बांधून, तो दमून निपचित होईपर्यंत भीतीदायक वस्तू समोर ठेवण्याची पद्धत आम्ही वापरत नाही. असा घोडा शांत दिसतो, पण तो गोठलेला असतो, आणि ती भीती पुढे नेमकी स्वार पाठीवर असताना उसळण्याचा धोका राहतो. त्यामुळे छत्री असो वा फडफडणारे प्लास्टिक, घोडा ज्या अंतरावरून ते पाहूनही चारा खाऊ शकतो तिथून आम्ही सुरुवात करतो आणि वाटेल तेव्हा मागे सरकण्याची मोकळीक त्याला ठेवतो. विश्रांतीच्या वेळी घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण 28 ते 44 असतात. जबड्याच्या खालच्या कडेशी बोटे ठेवून नाडी पाहिल्यावर ती तिथवर उतरलेली आढळली, तरच आम्ही पुढची पायरी घेतो.

आपला वाटा

घोड्याने आमच्यावर टाकलेला विश्वास आपोआप आपल्याकडे वळत नाही, म्हणून आठवड्यातून किमान दोनदा आपण स्वतः येऊन सरावात भाग घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. स्वीडनमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घोडा चालवणाऱ्यांना 'आता समोर छत्री उघडणार' एवढेच सांगितले गेले. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांसोबत घोड्यांचेही ठोके वाढले. आपण श्वास रोखून दोरी आखडली, की इथे काहीतरी धोका आहे असेच घोडा समजतो. त्यामुळे पहिल्या काही भेटींत आम्ही आपल्याला घोड्याला काही शिकवायला सांगत नाही. त्याच्या शेजारी चालताना सावकाश श्वास सोडणे आणि दोरी हातात सैल धरणे एवढाच सराव करून घेतो.

घोडा घरी परतल्यावर पहिला आठवडा त्याच्यावर स्वार होऊ नये. जागा बदलली की शिकलेले काही दिवस मागे पडते, आणि त्यात घोड्याचा काही दोष नसतो. रोज ठराविक वेळी, आम्ही वापरलेलीच म्होरकी आणि खरारा घेऊन, मानेच्या बुंध्यापासून सुरुवात करावी. तो कशाने बिचकला, किती अंतरावर बिचकला आणि किती वेळाने शांत झाला, याची नोंद सोबत दिलेल्या वहीत करावी व पुढच्या भेटीला येताना ती वही आणावी.