अल्ब्युमिन कमी म्हणजे उपासमार नव्हे

मिरजेला कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या रुग्णाच्या रक्ततपासणीत अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी आढळले की नातेवाईक दोन गोष्टींच्या मागे लागतात: अंड्याचा पांढरा भाग आणि शिरेतून देण्याची अल्ब्युमिनची महागडी बाटली. अल्ब्युमिन उतरले म्हणजे पोषण कमी पडले, असा त्यामागचा समज आहे आणि तो चुकीचा आहे.

अल्ब्युमिन यकृतात तयार होते. रक्तात त्याचे अर्धायुष्य, म्हणजे असलेल्यातले निम्मे संपायला लागणारा काळ, सुमारे २० दिवसांचे असल्यामुळे चार दिवसांच्या खाण्या-न खाण्याने त्याची पातळी फारशी हलत नाही. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात अन्न सोडून हाडांचा सापळा झालेल्या रुग्णांचे अल्ब्युमिनही बहुधा सामान्य असते. कर्करुग्णात ते घसरते, ते मुख्यतः दाहामुळे (इन्फ्लमेशन), म्हणजे आजाराशी लढताना शरीरात उठणाऱ्या प्रतिक्रियेमुळे.

अर्बुदाच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठीच्या, पेशी आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-६ सारखी संदेशवाहक प्रथिने रक्तात सोडतात. तो संदेश मिळताच यकृत अल्ब्युमिनची निर्मिती मागे ठेवून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, फायब्रिनोजेन अशी दाहकाळातली प्रथिने झपाट्याने बनवू लागते. त्याच वेळी केशवाहिन्यांतून अल्ब्युमिन ऊतींत झिरपू लागते. बाटलीतून दिलेल्या अल्ब्युमिनचा बराचसा भागही त्याच वाटेने जातो. नव्या प्रथिनांसाठी लागणारी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, स्नायूंतून काढली जातात. स्नायूपेशीत मोडायच्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाची खूण लागते आणि खूण लागलेले प्रथिन प्रोटिअसोम या रेणूयंत्रणेत कापले जाते. यातला सर्वांत विलक्षण भाग पुढेच आहे. दाहकाळातल्या प्रथिनांत फिनाइलॲलनिन आणि ट्रिप्टोफॅन यांचे प्रमाण स्नायूंतल्या प्रथिनांपेक्षा जास्त असते. त्यामुळे ही दोन अमिनो आम्ले पुरेशी जमवण्यासाठी वजनाने कितीतरी अधिक स्नायू मोडावा लागतो, आणि वापराविना उरलेल्या अमिनो आम्लांतला नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीवाटे निघून जातो. हेच संदेश मेंदूपर्यंत पोचून भूकही मारतात. म्हणूनच ही झीज साध्या उपासमारीसारखी केवळ अन्नाने पूर्ण भरून येत नाही.

कुपोषण ओळखायचे तर रुग्णाच्या अंगाकडे पाहावे लागते आणि मागची हकिकत विचारावी लागते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्लिम’ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) कमी असणे किंवा स्नायू घटणे यांपैकी किमान एक लक्षण आणि त्यासोबत अपुरे खाणे किंवा दाह यांपैकी एक कारण असले, की कुपोषणाचे निदान होते. ६० किलोच्या माणसाने ३ किलोंहून जास्त वजन गमावले, तर तो या मर्यादेपलीकडे जातो. जत किंवा माणच्या खेड्यातून आलेल्या रुग्णाच्या जुन्या वजनाची नोंद सहसा नसते. अशा वेळी बांगड्या मनगटावरून वर सरकतात का, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले का, हे विचारले तरी पुष्कळ कळते. गळ्याखालची हाडे वर आली आहेत का, कानशिले खोल गेली आहेत का, अंगठा आणि तर्जनी यांमधला मांसल उंचवटा सपाट झाला आहे का, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. पोटात पाणी झाले असेल किंवा पाय सुजले असतील, तर मात्र वजनकाटा फसवतो. लठ्ठ माणसाच्या चरबीखालीही झिजलेला स्नायू दडून राहतो.

१९८० मध्ये अमेरिकेत तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात केमोथेरपीपूर्वीच वजन घटलेले रुग्ण सहसा कमी काळ जगल्याचे दिसले. कुपोषितांत जंतुसंसर्ग वाढतो, इस्पितळातला मुक्काम लांबतो, केमोचे डोस पुढे ढकलावे लागतात. बहुतेक केमो औषधांची मात्रा उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, स्नायू किती आहेत यावर नाही. त्यामुळे वजन सारखे असूनही स्नायू कमी असलेल्या रुग्णाला काही औषधांचा त्रास अधिक होतो.

गाठ उपाशी मरावी म्हणून रुग्णाचे अन्न तोडण्याचा सल्ला देणारे लोक त्याचे सरळसरळ नुकसान करतात, कारण स्नायू मोडून गाठीची गरज भागतच राहते. सांगलीच्या हळदीचा अभिमान मलाही आहे, पण तिच्यातले कर्क्युमिन आतड्यातून अत्यल्प शोषले जाते. तिला कर्करोगावरचा उपचार म्हणणे खोटे आहे.

अन्नाने सगळी झीज भरून येत नसली तरी त्याचा उपयोग मोठा आहे. स्वित्झर्लंडमधील ८ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या, विविध आजारांच्या २,०००हून अधिक दाखल रुग्णांना चाचणीत घेतले गेले. व्यक्तीगणिक आखलेला आहार मिळालेल्या गटात ३० दिवसांतले मृत्यू सुमारे ७ टक्के होते, तर नेहमीचे जेवण मिळालेल्या गटात सुमारे १० टक्के. कर्करुग्णासाठी रोज दर किलो वजनामागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. ५० किलोच्या रुग्णाला ती ५० ते ७५ ग्रॅम लागतात, आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅमच असतात. त्यामुळे दूध, दही, डाळ, शेंगदाणे, चालत असल्यास मासे-चिकन असे थोडेथोडे दर दोन-तीन तासांनी द्यावे लागते. अनेक दिवस पोटात अन्न नसलेल्या रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातले फॉस्फेट धोकादायकरीत्या घसरू शकते, म्हणून त्याचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच वाढवावा लागतो.