मोथा उपटायचा नाही, उपाशी ठेवायचा

पहिल्यांदा मला वाटलं लॉन काय मस्त वाढतंय! मे महिन्यात सिलेक्शन वन जातीच्या लॉनच्या गवताचे गालिचे अंथरून घेतले होते, जूनचे दोन-तीन पाऊस झाले आणि लॉनच्या वर चार बोटं उंच, चकचकीत पोपटी पाती उभी राहिली, इतकी सरळ की मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. माळीकाका आले, वाकले, एक पातं उपटलं आणि म्हणाले, "भाभी, ये तो मोथा है. अब ये आपके साथ ही रहेगा."

गालिच्यांबरोबर आला की खाली टाकलेल्या काळ्या मातीच्या ट्रॉलीबरोबर, देव जाणे. नर्सरीवाले म्हणे माती तुमची, मातीवाले म्हणे गालिचा त्यांचा.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. रोज संध्याकाळी चहा झाला की बसून उपटायचं, बादलीभर निघायचं, जिवाला बरं वाटायचं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जिथे एक होतं तिथे तीन. ऑगस्टपर्यंत लॉन कमी आणि मोथा जास्त.

ओळख अगदी सोपी आहे. तुरा आलेला दांडा चिमटीत धरून फिरवा. गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो, मोथ्याचा तिकोनी, बोटाला तीन कडा लागतात आणि पानंही तीनच दिशांना फुटतात. म्हणजे मुळात हे गवत नाहीच, वेगळ्या कुळातलं आहे, महाराष्ट्रात याला लव्हाळा म्हणतात, आपण इंदूरवाले मराठीतही मोथाच म्हणतो. शास्त्रीय नाव सायपेरस रोटंडस. १९७७ साली जगभरातल्या तणांची क्रमवारी लावली गेली तेव्हा पहिला नंबर याचा आला होता, नव्वदाहून जास्त देशांत आणि पन्नासाहून जास्त पिकांत हजर! आणि गंमत म्हणजे परदेशी पाहुणा वगैरे नाही, आपल्या मातीत फार जुना आहे.

एकदा पाऊस थांबल्यावर चिडून मी वीतभर खोल खणलं, ढेकूळ तसंच्या तसं बादलीत बुडवलं आणि हळूहळू माती धुतली. तेव्हा कळलं की आपण दोन महिने नुसते केस कापत होतो. खाली बारीक वायरसारख्या दोऱ्यांवर ओवलेल्या काळपट गाठी, काही हरभऱ्याएवढ्या, काही बोराएवढ्या, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशी माळच्या माळ. एक गाठ फोडली तर ओळखीचा वास आला, पण कसला ते आठवेना. सासूबाईंनी हुंगली आणि म्हणाल्या, "अगं, हा तर उटण्यातला नागरमोथा!" बरोबर होतं त्यांचं, आयुर्वेदातली मुस्ता ती हीच. बाजारात नागरमोथा म्हणून याचा एक चुलतभाऊ पण विकला जातो, त्याचं तेल अत्तरात जातं. रानडुकरं या गाठींसाठी जमीन उकरतात म्हणतात, आमच्याकडे ते काम मीच करत होते.

मग मी एक उद्योग केला. आइस्क्रीमच्या दोन रिकाम्या डब्यांत ओली माती भरली, एकात चार गाठींची अख्खी माळ पुरली आणि दुसऱ्यात तशीच माळ कात्रीने सुटी करून. आठवड्याने बघते तर पहिल्या डब्यात एकच कोंब, टोकाच्या गाठीचा. दुसऱ्यात चारही फुटलेले! याचं कारण असं की माळ जोडलेली असते तोवर टोकाची गाठ मागच्यांना दाबून ठेवते, त्या निजून राहतात. दोरा तुटला की दाब गेला, प्रत्येकीला मोकळं रान. म्हणजे मी रोज संध्याकाळी ओढाताण करून जे समाधान मिळवत होते ते खरं तर झोपलेल्यांना हाका मारणं होतं. शिवाय एका गाठीवर कितीतरी डोळे असतात, एक कोंब खुडला तर दुसरा तयार.

पण इथेच त्याची दुखरी नस पण आहे. गाठ म्हणजे शिदोरी. प्रत्येक नवा कोंब त्या शिदोरीवर वर येतो आणि पानं मोठी होऊन ऊन खायला लागली की मगच घेतलेलं परत भरतो, नव्या गाठी बांधायला घेतो. याला साधारण तीन-चार आठवडे लागतात. पाच-सहा पानं व्हायच्या आत कोंब काढला तर खर्च झाला, जमा शून्य! अमेरिकेत अलाबामामध्ये १९३० च्या दशकात हेच करून बघितलेलं आहे, दर तीन आठवड्यांनी शेत नांगरत राहिले, सलग दोन हंगाम, आणि मोथा संपला. लक्षात घ्या, दोन हंगाम. एका रविवारचं काम नाही हे.

म्हणून आता रोज नाही, दर पंधरा दिवसांनी खुरपी घेऊन बसते आणि जेवढी पाती दिसतील तेवढी मातीच्या जरा खालून कापते, गाठी शोधायच्या भानगडीत पडतच नाही. लॉन पण पूर्वीसारखं चकोट कापत नाही, दोन इंच ठेवते, कारण मोथ्याला कडक ऊन आवडतं, सावलीत तो मरगळतो.

क्यारीत, म्हणजे फुलझाडांच्या वाफ्यात, मात्र वेगळं. तिथे मे महिन्यात, आपली काळी माती तडकलेली असते तेव्हा वीतभर खणून ढेकळं तशीच उन्हात पडू द्यायची, बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात आणि उघड्यावर वाळून मरतात. पाणी अजिबात घालू नका तोवर!

काळं प्लास्टिक अंथरायचा शहाणपणा पण केला मी. मोथ्याने त्याला सुईसारखी भोकं पाडली. अंधारात कोंबाचं टोक मिटलेलं आणि टोकदार राहतं, त्यामुळे आरपार जातो. पारदर्शक प्लास्टिक असेल तर खालीच उजेड मिळतो, पान तिथेच उघडतं आणि मऊ पानाला काही भोक पाडता येत नाही, बसतं अडकून उकडत. एप्रिल-मेमध्ये माती आधी भिजवून, कडा मातीत दाबून महिना-दीड महिना ठेवायचं.

तणनाशक औषधाचं विचाराल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल नावाचं येतं, उसात-मक्यात मोथ्यासाठी मारतात, पानातून गाठीपर्यंत उतरतं, पण निजलेल्या गाठींना पोचत नाही म्हणून परत मारावं लागतं. फुलझाडांजवळ नको. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक मोथ्याबरोबर लॉनही जाळतं, आणि २०२२ च्या सरकारी अधिसूचनेत ते पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं असं म्हटलं होतं.

बाकीच्या तणांची भीती मला एवढी नाही. आंबुशीच्या शेंगा फुटून बिया लांब उडतात, शेंगा धरायच्या आधी काढा, झालं. गाजर गवत हा खरा परदेशी, पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि आता देशभर आहे, एका झाडाला हजारो बिया, वर अंगाला खाज आणि दमेकऱ्यांचे हाल. पण ते मुळासकट सहज निघतं, फक्त पांढरी फुलं यायच्या आत आणि हातमोजे घालून.

काढलेल्याचं काय करायचं? इंदूरमध्येच १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ती जगप्रसिद्ध इंदूर पद्धत बसवली, त्यात तणं पण जायची, पण तो ढीग ६५ अंशांच्या आसपास तापायचा. आपला बाल्कनीतला ड्रम कुठला एवढा तापतोय! त्यात गाठी टाकल्या तर खताबरोबर मोथा सगळ्या कुंड्यांत वाटला जातो. मी गाठी गच्चीवर पत्र्यावर टाकते, खडखड वाजायला लागल्या की कचरा गाडीत.

यंदा दुसरा पावसाळा. मधल्या लॉनमध्ये जुलैअखेर मोजून एकवीस पाती निघाली, गेल्या वर्षी मोजायची सोयच नव्हती. भिंतीकडेचा पट्टा मात्र जैसे थे, कारण पलीकडचा प्लॉट रिकामा आहे, तिथे गुडघ्याएवढा मोथा आहे आणि भिंतीचा पाया जेमतेम फूटभर. त्याखालून दोरे येतात. प्लॉटच्या मालकांना फोन केला होता, ते म्हणाले, "हिरवंगार दिसतंय ना छान?"