रस्त्यावर नसलेल्यांची मोजणी

चौकातली वाहनं मोजायची पद्धत ठरलेली आहे. कडेला माणसं तक्ते घेऊन बसतात किंवा खांबावर कॅमेरा लागतो आणि जाणारं प्रत्येक वाहन टिपलं जातं. पण ट्रक आणि स्कूटर एकाच मापात कसे धरायचे? त्यासाठी वाहतूक अभियंते सगळ्याच वाहनांचं मोटारीच्या मापात रूपांतर करतात. मोटार म्हणजे १, बस किंवा ट्रक म्हणजे ३, सायकल म्हणजे ०.५. भारतीय रस्ते काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या, ग्रामीण रस्त्यांसाठीच्या जुन्या तक्त्यात हातगाडीलाही आकडा आहे, बैलगाडीलाही आहे. पायी चालणाऱ्या माणसाला मात्र आकडा नाही.

कुठलं वाहन रस्त्याची किती जागा अडवतं हे कळावं म्हणून हे माप घडवलं गेलं. पादचारी मोजायचे तर वेगळी मोजणी करावी लागते, आणि तशी ती करताही येते. पण ती कितीही काटेकोर केली तरी तिच्यातून एक मोठा गट निसटतो, तो म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर नसलेल्या माणसांचा. रस्ता ओलांडताना दोनदा जीव मुठीत धरावा लागला म्हणून सकाळचं देवदर्शन सोडलेल्या आजी त्या मोजणीत नसतात. शाळा हाकेच्या अंतरावर असूनही जिला रिक्षात बसवून पाठवलं जातं ती मुलगी नसते. सायकल विकून हप्त्यावर दुचाकी घेतलेला यंत्रमाग कामगार मोजणीत असतो, पण दुचाकीवाला म्हणून. नियोजनशास्त्रात याला दबलेली मागणी म्हणतात. नदीवर पूल हवा की नको हे पोहून जाणाऱ्यांची संख्या मोजून ठरवता येत नाही, तसंच हे आहे.

ही दबलेली मागणी कॅमेऱ्याला दिसत नाही. ती कळण्याचा एकच मार्ग आहे, माणसांना विचारणं. म्हणूनच चालण्याच्या आणि सायकलच्या नियोजनात लोकांचा सहभाग हा मोजमापाचाच भाग आहे असं मला ठामपणे वाटतं. तो वगळला तर हाती येणारा आराखडा लोकांच्या नावडीचा ठरेल ही पुढची गोष्ट झाली. त्याआधी तो चुकीचा असेल, कारण त्याची आकडेवारीच अपुरी असेल.

सोलापुरात हे जास्तच लागू पडतं. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि गिरणीच्या भोंग्यावर घरातून निघून पायी कामावर पोहोचता येईल अशा अंतरावर कामगारांच्या वस्त्या वसत गेल्या. गिरण्या बंद पडल्या, पण पूर्व भागातले यंत्रमाग राहिले, विडी राहिली. हजारो बायका कारखान्यातून पानं-तंबाखू घेऊन घरी येतात आणि वळलेल्या विड्या परत नेऊन देतात, बहुतेक वेळा चालतच. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे विचारलं गेलं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांत देशभरात सुमारे साडेचार कोटी लोक पायी जात होते आणि अडीच कोटींहून जास्त सायकलने. मोटारीने जाणारे साधारण ५४ लाख. आपल्या रस्त्यांच्या रुंदीची वाटणी पाहिली तर कुणालाही हे आकडे उलटे वाटतील.

चालण्याचं नियोजन आपल्याला जमतच नाही असंही नाही. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, मानकऱ्यांच्या हाती तोलत शहरभरच्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात, तेव्हा अख्खी वाहतूक त्या पायी मार्गाच्या कलाने वळते. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी तर महामार्ग वाहनांना बंद होतो. पोलीस, महापालिका, मंडळं, वाटेवरची घरं यांचा मेळ बसतो, कारण कोण चालणार, कुठून आणि कधी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. रोजच्या चालण्याबद्दल ही माहिती कुणी गोळा करत नाही.

ती गोळा कशी करायची याचं एक शास्त्र आहे. ग्रामविकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संस्थांनी १९९० च्या आसपास भारत आणि केनियातल्या खेड्यांत एक पद्धत रूढ केली. तज्ज्ञाने नकाशा आणायचा नाही. गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीने, बियांनी, काड्यांनी आपलं गाव स्वतः काढायचं. निरक्षर माणसंही पाणवठे, वाटा, कोणाचं घर कुठे हे अचूक दाखवत. शहरात याचंच रूप म्हणजे पायी पाहणी. दहा-पंधरा जणांनी ठरलेल्या वाटेने एकत्र चालायचं, टेप घेऊन मोजायचं, अडेल तिथे नकाशावर खूण करायची. पादचारी सोयींबद्दलच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेप्रमाणे निवासी भागातही पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. विजेच्या डीपीचा डबा, फलक किंवा पानाची टपरी वगळून उरलेली मोकळी रुंदी मोजली की पदपथ आहे की नाही हा वाद संपतो.

आता येते मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पाहणीत जागा सापडल्या हे ठीक, पण न सापडलेल्या किती राहिल्या? हे कुणाला कसं कळणार? कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॅनिश जीवशास्त्रज्ञ पीटरसन समुद्रातले मासे पकडून खुणा करून सोडत असे. अशा खुणांवरून एकूण मासे किती याचा हिशेब मांडण्याच्या पद्धतीला आज त्याचं नाव जोडलेलं आहे. त्याच्याही आधी फ्रेंच गणिती लाप्लासने याच तर्काने फ्रान्सची लोकसंख्या काढली होती. आज साथीच्या रोगांत नोंद न झालेले रुग्ण अंदाजायला ही पद्धत वापरतात.

उदाहरण म्हणून कल्पना करा. पूर्व भागातल्या एका प्रभागात शाळकरी मुलांच्या गटाने धोक्याच्या ४० जागा टिपल्या. विडी कामगार बायकांच्या गटाने त्याच प्रभागात, एकमेकांशी न बोलता, ३० टिपल्या. दोन्ही याद्यांत समान निघाल्या १२. म्हणजे बायकांच्या ३० पैकी १२, पाचात दोन, जागा मुलांच्या नजरेत आल्या होत्या. मुलांना एकूण जागांपैकी पाचात दोनच दिसतात असं धरलं तर त्यांच्या ४० जागा हे एकूणाचे पाचात दोन झाले. एकूण जागा १००. दोन्ही याद्या मिळून वेगवेगळ्या जागा भरल्या ५८. म्हणजे अजून ४२ जागा अशा आहेत ज्या कुणालाच सापडलेल्या नाहीत, आणि तरी त्या आहेत हे आपल्याला कळलं.

या हिशेबाला अटी आहेत, आणि त्या अटीच सगळ्यात बोलक्या आहेत. दोन्ही गट सारख्याच माणसांचे असतील, म्हणजे समजा दोन्हीकडे धडधाकट कॉलेजकुमारच असतील, तर दोघांनाही त्याच ठळक जागा दिसतील. समान जागा खूप निघतील आणि उत्तर खोटं लहान येईल. सगळं सापडलं असं वाटेल. उलट दोन गटांच्या वाटाच पूर्ण वेगळ्या असतील तर उत्तर फुगेल. म्हणून तिसरा गट घ्यायचा, रिक्षावाल्यांचा किंवा साठी ओलांडलेल्यांचा, आणि तिन्ही याद्या पडताळायच्या. सहभागी माणसं वेगवेगळ्या थरांतली का हवीत याचं यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही. एकसारख्या माणसांची संख्या कितीही वाढवली तरी आंधळा कोपरा तसाच राहतो.

वयाचंच पाहा. सिग्नलवर पादचाऱ्यांना किती वेळ द्यायचा याच्या हिशेबात चालण्याचा वेग बहुधा सेकंदाला १.२ मीटर धरतात. १५ मीटर रुंद रस्त्याला साडेबारा सेकंद. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरच्या लोकांचा वेग तपासला गेला, तर पुरुषांची सरासरी ०.९ आणि स्त्रियांची ०.८ मीटर निघाली. ०.८ ने तोच रस्ता ओलांडायला जवळपास १९ सेकंद लागतात. साडेबारा सेकंदांनी सिग्नल बदलतो तेव्हा आजी दहाव्या मीटरवर, वाहनांसमोर असतात. पाहणीत त्या असतील तर हे कुणी सांगावं लागत नाही, घड्याळच सांगतं.

तसंच ऊन. सोलापूरचा मे महिना काय असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. नवं डांबर पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम पाच-दहा टक्के परावर्तित करतं, बाकी शोषून घेतं आणि उष्णतेच्या रूपात परत सोडतं. चालणाऱ्याला वरून सूर्य भाजतो आणि खालून रस्ता. हवेचं तापमान सावलीत थोडंसंच उतरतं, पण अंगावर येणारी उष्णतेची प्रारणं झाडाखाली खूप कमी होतात. त्यामुळे कडुनिंबाच्या रांगेखालचा अर्धा किलोमीटर आणि उघडा अर्धा किलोमीटर ही नकाशावर एकच लांबी असली तरी पायांना नसते. दुपारी बारा वाजता विड्या घेऊन निघालेली बाई सावलीसाठी कुठली गल्ली धरते हे तिला विचारल्याशिवाय कुठल्याही उपग्रहाला कळणार नाही.

इथेच विचारण्याची वेळ आणि भाषा महत्त्वाची ठरते. मंगळवारी सकाळी अकराला महापालिकेच्या सभागृहात बैठक ठेवली तर रोजंदारीवाला येणार नाही, येऊच शकत नाही. आपलं शहर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलतं, सूचना मात्र बहुधा एकाच भाषेत निघते. शेरी आर्नस्टाईन या अमेरिकन अभ्यासिकेने १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं गुंडाळणं, मध्ये माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी आणि शेवटी लोकांचं नियंत्रण. आपल्याकडचे बहुतेक उपक्रम मधल्या पायऱ्यांवर थांबतात. मत घेतलं जातं, त्याचं पुढे काय झालं हे कळवलं जात नाही. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी प्रभागातली कामं सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात घ्यायची ही पद्धत आहे. तिच्यातही उणिवा आहेत, पण सूचनेला पैशाशी जोडण्याची वाट तरी तिने दाखवली.

लोक म्हणतील ते सगळं बरोबर, असं मात्र मी म्हणणार नाही. अपघात झाला की पादचारी पूल बांधा ही मागणी येते. रस्ता रुंद करा हीसुद्धा. पुलाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा बहुतेक जण खालूनच धावतात, आणि रस्ता रुंद झाला की ओलांडायचं अंतर वाढतं आणि वाहनांचा वेगही. वेग दुप्पट झाला की वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात दर पाचातला जवळपास एक जण पायी चालणारा होता. शहरातून जाणारी जड वाहतूक हा सोलापूरकरांचा जुना विषय आहे, आणि तिथे वेगाचं भौतिकशास्त्र अभियंत्यालाच मांडावं लागेल. दुखणं कुठे आहे ते रहिवासी दाखवतो, उपायाचं गणित अभियंता करतो. दोघांनी एकमेकांचं काम हिसकावलं की बिघडतं.

नेदरलँड्सचा अनुभव या बाबतीत शिकण्यासारखा आहे. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० मृत्यू झाले, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले आणि सरकारला हलावं लागलं. हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक उत्तम सायकल मार्ग बांधला गेला, पण शहरातलं एकूण सायकल चालवणं फारसं वाढलं नाही. मग डेल्फ्टमध्ये तुटक तुकडे जोडून अख्खं जाळं विणलं, तेव्हा फरक पडला. एक देखणा रस्ता आणि त्याच्या टोकाला पुन्हा गर्दीत ढकलणारा चौक, असं असेल तर माणूस सायकल काढत नाही. स्पेनमधल्या सेव्हिलने २००६ नंतर काही वर्षांत शंभरहून अधिक किलोमीटरचं सलग जाळं केलं आणि सायकलींचा वाटा कित्येक पटींनी वाढला. सेव्हिलचा उन्हाळाही चाळिशी ओलांडतो, त्यामुळे आपल्या उन्हात कोण सायकल चालवणार या प्रश्नाचं काहीसं उत्तर तिथे मिळतं.

चालणारे वाढले की प्रत्येकाचा धोका घटतो, असंही आकडे दाखवतात. अमेरिकन संशोधक पीटर जेकबसेन यांनी २००३ मध्ये अनेक शहरांची आणि देशांची आकडेवारी तपासली. चालणारे दुप्पट असतील तिथे जखमी दुप्पट नसतात, साधारण एक तृतीयांशानेच जास्त असतात. आधी सुरक्षितता येते की आधी माणसं, हा प्रश्न या आकड्यांनी सुटत नाही. म्हणून नुसतं चाला म्हणून आवाहन करणं मला पटत नाही.

बोलायची वेळही गाठावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत हरकती आणि सूचना लेखी देता येतात आणि त्यांवर सुनावणी होते. पदपथाची जागा खरं तर तिथेच ठरते. निविदा निघाल्यावर उरतो तो फरशीचा रंग. हरकतीसोबत नकाशा, मोजलेली रुंदी, ओलांडायला लागलेले सेकंद आणि पाहणीच्या तिन्ही याद्या जोडल्या तर ती बाजूला सारणं अवघड जातं.

आणि बदल कायमचा करण्याआधी तो तात्पुरता करून पाहता येतो. चुन्याच्या रेषा, रिकामे पिंप आणि दोऱ्या लावून चौकाचा कोपरा महिनाभर आवळायचा, वाहनांचा वेग आणि ओलांडणारी माणसं आधी आणि नंतर मोजायची. शेजारचा तसाच एखादा चौक न बदलता तुलनेसाठी ठेवायचा. मोजणाऱ्यांत त्या भागातलीच मुलं असावीत. वर्षाने पुन्हा मोजणी करायची ती त्याच महिन्यात, त्याच वारी, त्याच तासाला. पहिली एप्रिलातली असेल तर दुसरीही एप्रिलातलीच हवी. गड्ड्याच्या आठवड्यात मोजलेली गर्दी तिच्याशी जुळवून चालणार नाही.